हिरवी वायर

सत्तारभाईंबद्दल लिहायचं तर आधी कबुली द्यायला हवी. ती घरघर मी बंद करवून घेतली, त्यांनी नाही.

अब्दुल सत्तार मूळचे अकोल्याचे. अमरावतीत आमच्या चौकात त्यांचं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. खिशात टेस्टर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घरी बोलावलं की ते आधी मशीन उघडत नसत, मालकाला समोर बसवत. "सर, जे घरात ठेवता, त्याची भाषा तं समजून घ्या." मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. तरी बसायचो, कारण ते सांगत ते चटकन समजायचं.

बायको गेल्यापासून घर फार शांत झालं होतं, म्हणून दिवाळीत मी होम थिएटर घेतलं. खोक्यावर दहा हजार वॅट छापलेले पाहून मी खूश. सत्तारभाई हसले.

"हे पीएमपीओ हाय सर. पहेलवानानं एका क्षणाले उचललेलं वजन. आरएमएस पाहा, म्हणजे दिवसभर किती वाहून नेते ते समजते. तो हाय साठ."

मग फाइव्ह पॉइंट वन. "पाच बोलणारे अन् एक गुरगुरणारा. गुरगुरणाऱ्याले सबवूफर म्हणतात, तो कोपऱ्यात." मग एचडीएमआयची वायर. "टीव्हीवर एआरसी लिहिलेल्या भोकातच लावा. तिथून टीव्हीचा आवाज त्याच वायरीनं परत येते, दुसरी वायर नाही लागत." मी मान डोलावत होतो. आमच्याकडे धुणीभांडी करणारी तानुबाई दारात फडकं घेऊन उभी होती. तीही ऐकत होती. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

सगळं जोडलं, आवाज झकास आला. पण गाणं थांबलं की मागे एक बारीक, न थांबणारी घरघर. मला ती सहन होईना. मी एवढ्या हौसेने घेतलेली वस्तू आणि तिच्या पोटात सतत काहीतरी कुरकुरतंय!

"अर्थिंगचं हाय," सत्तारभाई म्हणाले. "केबलवाल्याची वायर एका जमिनीले जोडली, तुमच्या घराची दुसऱ्या. दोघींचं जमून नाही राहिलं. केबलच्या मधात एक आयसोलेटर बसवतो, तो दोघींले अलग ठेवते, नागपूरहून मागवा लागते. तवलक राहू द्या." टीव्हीमागचा स्विचबोर्ड उघडून त्यांनी मला आतली हिरवी वायर दाखवली. "हिले ओळखून ठेवा. ना चित्र देत, ना आवाज. वर्षानुवर्षं काहीच नाही करत. पण कोणत्या मशीनच्या अंगात करंट उतरला तं ही त्याले जमिनीत नेते. ही नसली तं करंट माणसातून जाते."

आयसोलेटर यायला उशीर झाला. मी वैतागलो आणि मागच्या गल्लीतल्या कुलदीपला बोलावलं. त्याने पेचकस काढला, बोर्ड उघडला, हिरवी वायर सोडवली, टेप गुंडाळून आत ढकलली. दोन मिनिटांत घरघर गायब. मी त्या पोरावर एवढा खूश झालो की विचारू नका.

फेब्रुवारीत सत्तारभाई आयसोलेटर घेऊन आले, तेव्हा मॅच चालू होती. ते दारातच थांबले, कान दिला. खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"कोनं काढली?"

"काय?"

"घरघर."

कुलदीपचं नाव सांगताच ते बोर्डाकडे गेले. म्हणाले, टीव्ही बंद करा, मला हे आत्ता उघडायचं आहे. शेवटच्या चार ओव्हर राहिल्या होत्या. मी उसळलो. "सत्तारभाई, मशीन चांगली चालून राहिली अन् तुमी ते बिघडवाले निघाले! उद्या या."

"उद्या मी अकोल्याले चाललो सर, पोरीकडे. माही तब्येत बरी नाही. याच बोर्डावर तुमी कूलर लावता ना?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांनी आयसोलेटर टेबलावर ठेवला. व्हरांड्यात तानुबाईशी काहीतरी बोलले आणि निघून गेले. मार्चमध्ये त्यांचे तीन फोन आले. पडद्यावर नाव पाहिलं की मी फोन पालथा घालायचो. पुन्हा शिकवणी नको होती मला.

मार्चअखेर लोखंडी कूलर खिडकीत बसला. पहिल्याच दिवशी पाणी ओतताना तानुबाई ओरडली.

"भाऊ, कूलर झिणझिण्या देते!"

"चपला घालून भरत जा," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो. पुन्हा तिने तक्रार केली नाही. मला वाटलं, चपलांनी काम झालं.

एप्रिलच्या शेवटी सत्तारभाई अकोल्यातच वारले. हृदयविकाराचा झटका. मी आठवड्याने भेटायला गेलो. सकाळची एसटी होती, तरी अकोल्यात उतरेपर्यंत उन्हाने रस्ते ओस पडले होते. त्यांची मुलगी सितारा हिने पाणी दिलं आणि समोर बसली.

"सर, शेवटी शेवटी अब्बा तुमचंच नाव घेऊन राहिले होते. सरच्या बोर्डातली हिरवी वायर जोडाची हाय, कूलर लावाच्या आत. तुमाले फोनही लावले त्यायनं. जोडली ना?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. आचल, माझी मुलगी, सुट्टीला घरी आलेली होती आणि कूलर सकाळपासून चालू होता. टाकी बाराच्या आसपास रिकामी होते.

आचलला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तानुबाईला लावला.

"तानुबाई, कूलरले हात लावू नको!"

"मी कुठं लावतो भाऊ? मी तं बटन बंद करून, पिन उपटूनच पाणी भरतो. सत्तारभाऊनं सांगतलं होतं, पहिल्या दिवशी ध्यानात नाही राहिलं तं झिणझिण्या आल्या." ती दम खात म्हणाली, "पण आज मी घरीच हाय, नातीले ताप हाय. ताईच म्हणे, मी भरतो."

"धाव. आधी बटन बंद कर. मशीनले शिवू नको, ताईलेही शिवू नको."

तिने फोन बंद केला नाही. तो तिच्या हातातच होता आणि मी ऐकत होतो. आयुष्यात एवढं कान देऊन मी काही ऐकलं नाही. चपला पटपट वाजत होत्या. कुत्रं भुंकलं. आमचं फाटक करकरलं. मग कूलरच्या पंख्याचा आवाज आला, मोठा, आणखी मोठा होत गेलेला. तानुबाईने आचलला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. पंखा फिरतच होता. सितारा माझा दंड धरून उभी होती.

खट्. पंखा हळूहळू थांबला.

"भाऊ," तानुबाई म्हणाली आणि बराच वेळ नुसती धापा टाकत राहिली. "ताई नळावर हाय. दुसरी बादली भरून राहिली. पहिली कूलरपाशी आणून ठेवली."

मी परक्या घरात, परक्या पोरीसमोर ढसाढसा रडलो. सत्तारभाईंसाठी रडायला गेलो होतो. ते रडू आता आलं, आणि लाजही वाटली. ते जे शिकवत होते ते दारात फडकं घेऊन उभी असलेली बाई शिकली, आणि मास्तर टीव्हीचा आवाज वाढवत बसला.

संध्याकाळी कुलदीपला बोलावलं. टेप काढून त्याने हिरवी वायर जागेवर आवळली. टेस्टरने कूलर तपासला, मोटर बदलायला सांगितली. मग होम थिएटर लावलं. गाणं संपलं आणि मागे ती घरघर पुन्हा सुरू झाली.

टेबलावर सत्तारभाईंनी ठेवलेला आयसोलेटर अजून पाकिटातच होता. कुलदीपने तो उचलला. "सर, हे बसवून देऊ काय? वायरही राहीन अन् घरघरही जाईन."

"ठेव तो खाली," मी म्हणालो.

आचल चिडते. पाहुणे विचारतात, एवढी महागाची वस्तू आणि असा आवाज? मी काही समजावत बसत नाही. सकाळी उठलो की आधी टीव्ही लावतो, आवाज शून्यावर आणतो आणि कान देतो. घरघर ऐकू आली की मगच तानुबाईला म्हणतो, भर आता पाणी.

ती तरीही पिन उपटते.