लाव्याचा डोळा

कुठलंही चित्र हातात घेण्याआधी माधवकाका दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभे राहत. पाच मिनिटं, कधी दहा. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की म्हणत, "जरा दम धरा, ओळख तर होऊ दे!" एडिसन गावात, आपल्या देशी लोकांच्या साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या रांगेत, अगदी टोकाला त्यांचं फ्रेमिंगचं दुकान होतं. मी पहिल्यांदा गेले ती मुलीनं शाळेत काढलेलं मांजर फ्रेम करून घ्यायला. त्या वेड्यावाकड्या मांजरासमोरही ते तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "शेपटी फार विचार करून काढलीय हां हिनं."

काका मूळचे कोल्हापूरचे. मुंबईत चित्रकला शिकून इकडे आले, त्याला चाळीस वर्षं झाली होती. फ्रेमिंग पोटासाठी, जीव जडला होता तो जुन्या जपानी चित्रांवर. एका म्हाताऱ्या जपानी कारागिराकडून ते ती दुरुस्त करायला शिकले होते. मी गेले की एखादं रेशमी चित्र उलगडून दाखवत. "आपल्याकडे फूल देवाला नाहीतर केसात. यांच्याकडे फुलापानांना सोबत लागते. बांबूत चिमणी, पाइनच्या झाडावर क्रौंच, गवतात लावा पक्षी. जोडी बघितली की ऋतू कळतो." आणि धंद्यातला त्यांचा एक नियम होता: "जे उद्या पुसून काढता येणार नाही, ते आज चित्राला लावायचं नाही."

मिसेस मोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या जपानी बाईंनी त्यांच्याकडे आपल्या वडिलांनी काढलेलं चित्र आणलं. वडील कॅलिफोर्नियात माळीकाम करायचे आणि रविवारी चित्रं काढायचे. रेशमावर शरदातलं गवत, जांभळी फुलं, त्यात दोन लावे. खाली बुरशीचा एक डाग, तेवढाच काढायचा होता. काकांनी ओलसर कागद ठेवला, उचलला, आणि त्याबरोबर एका लाव्याचा डोळा निघून आला. रंग आतून सुटला होता. कामाआधी फोटो काढून ठेवायची त्यांची रीत. या वेळी काढला नव्हता.

काकांनी दुसऱ्या लाव्याचा डोळा बघून तसाच डोळा रंगवून टाकला, बाईंना काही न सांगता. बाई आल्या, चित्र बघून त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "बाबा होते तेव्हा दिसायचं, अगदी तसंच!" म्हणाल्या.

त्यानंतर काकांचं लक्ष उडालं. मापं चुकू लागली, बोलणं तुटक झालं. चार महिन्यांनी एका दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं.

"फोटो काढायला विसरलात?" मी विचारलं.

"विसरलो नाही गं. एवढ्याशा डागाला काय फोटो, असं वाटलं. माज, दुसरं काय! आणि तिनं मला थँक यू म्हटलं. ते थँक यू पचत नाही."

"पण काका, त्यांना कळलं नाही ना? मग जाऊ द्या."

"तिला कळलं नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे."

मोतीबिंदूमुळे त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं होतं, म्हणून खरं काय ते सांगायला मीच त्यांना मिसेस मोरींकडे घेऊन गेले. बाईंनी चहा ठेवला होता. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाई भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "रोज सकाळी चहा घेताना मी त्या लाव्याशी बोलते. चार महिने मी कोणाशी बोलत होते?"

काका दोन्ही हात पाठीमागे बांधून चित्रासमोर उभे राहिले.

"तुम्ही रंगवलेला डोळा काढून टाका."

"काढला तर तिथे काहीच राहणार नाही," काका म्हणाले.

"माहीत आहे."

काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्र पसरलं आणि ओल्या कापसानं, कणाकणानं, स्वतः लावलेला रंग पुसला. अर्धा तास लागला. गवतात एक लावा आंधळा उरला. बाईंनी आमच्यासाठी दार उघडून धरलं, पण निरोपाचा शब्द काढला नाही.

गाडीत मी म्हटलं, "त्यांनी माफ नाही केलं."

"माफी मागायला गेलोच नव्हतो. तिची वस्तू तिला परत करायला गेलो होतो." मग खिडकीबाहेर बघत, "पण तिचं रोजचं बोलणं मी हिरावलं का गं? कळत नाही." मलाही कळलं नाही. अजून कळत नाही.

जुन्या चित्रांची दुरुस्ती काकांनी त्या दिवसापासून बंद केली. दोन वर्षांनी मी आईबाबांच्या लग्नाचा फोटो त्यांच्याकडे नेला. कोपरा फाटून आईचा एक खांदा गेला होता. "तेवढा भरून द्याल?" मी भीत भीत विचारलं.

"पुढे फाटणार नाही एवढं बघतो. तिचा खांदा मी कधी बघितलाय? मनानं कसा काढू?"

त्याच हिवाळ्यात हार्ट अटॅकनं काका गेले. दुकान रिकामं करताना त्यांच्या मुलीला माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली फ्रेम सापडली. तिनं ती घरी आणून दिली. मी घाईघाईनं वरचं कागदाचं वेष्टन सोडलं. आईबाबांच्या फोटोची फाटलेली कड नीट बसवली होती, मागून पातळ कागदाचा आधार दिला होता. खांद्याची जागा कोरी होती.