खोली एक, चाव्या तीन

लोकांना क्लाउड समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पालघरच्या बाजारातली दुकानं आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने यांचा कारभार मी त्यांच्या कॉम्प्युटरवरून क्लाउडवर हलवून देते. त्याआधी मालकाला पटवावं लागतं, आणि मालक नावाचा माणूस सहजी पटत नाही. एक कारखानदार तर मला म्हणाला होता, "मॅडम, हवेतल्या गोष्टी नका सांगू. माझा माल कुणाच्या गोदामात राहणार, तेवढं बोला."

प्रश्न रास्त होता. क्लाउड हवेत नसतोच. कुठेतरी मोठ्या इमारतीत रात्रंदिवस चालणारी यंत्रं असतात, त्यांत आपण जागा घेतो, आणि आपला फोन म्हणजे त्या जागेचं नुसतं दार. मी मच्छीमाराची मुलगी, म्हणून मला शीतगृहाचा दाखला सुचतो. मासळी आपली, खोली दुसऱ्याची, चावी आपल्या कनवटीला. एवढं सांगितलं की मालकांच्या माना हलतात आणि मलाही आपण फार शहाण्या आहोत असं वाटून जातं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो खोटा नाही. माझं माहेर तारापूरच्या बाजूला, समुद्रकाठी. घरात आई, धाकटा भाऊ आणि भावजय. तिघांचे फोन बोईसरच्या एकाच दुकानातून आले. दुकानदाराने खातं कुठलं घालू विचारलं, तेव्हा भावाने तिन्ही फोनांना एकच सांगितलं. घर एक, चूल एक, होडी एक, मग खाती कशाला वेगवेगळी, असा त्याचा सरळ हिशोब. त्यामुळे आईने गिऱ्हाइकाला दाखवायला सुक्या बोंबलांचा फोटो काढला की तो भावाच्या फोनात दिसायचा, आणि भावजयीने माहेरच्या लग्नात काढलेले फोटो आईच्या फोनात. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही हे पुढचं सगळं घडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

बाबा गेल्यावर त्यांचा आवाज एकाच व्हिडिओत उरला होता. आई फोन शिकत असताना तिच्याकडून तो चुकून निघालेला. बाबा ओट्यावर फाटलं जाळं सांधत बसलेत आणि मान वर न करता तिला म्हणताहेत, तो डबा ठेव बाजूला, इकडं ये, जरा दोरा धर. बस, एवढंच. तो जुना फोन खाऱ्या हवेने कधीच खाल्ला, पण नवीन फोनात खातं तेच, म्हणून व्हिडिओ शाबूत राहिला. आई रोज मासळीची पाटी डोक्यावर घेण्याआधी तो लावायची, मग घराबाहेर पडायची.

यंदा पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत, होड्या वर ओढलेल्या असताना, मी चार दिवस माहेरी गेले. आई बोलत होती, वाढत होती, पण तिचा फोन फळीवर धूळ खात पडला होता. बिघडलाय म्हणाली. मी उघडून बघितला तर ठणठणीत. पुन्हा विचारलं तेव्हा ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "बापूस नाय त्याच्यात. परत गेला."

बाबांचा व्हिडिओ फोनातून नाहीसा झाला होता, आणि आपणच भलतं काहीतरी दाबलं असणार, या समजुतीने ती कुणाला काही बोलली नव्हती. मी तिच्या फोनातलं खातं उघडलं, तर भावाचे आणि भावजयीचे फोटोही त्यातच.

भाऊ घरासमोर होडीचा तळ खरवडत होता. त्याला व्हिडिओचं विचारलं, तर त्याने वरही न बघता सांगितलं की फोन भरला होता, बंदीत होडी साफ करतो तसा फोनही साफ केला. फोन त्याचा, त्याच्या फोनातलं त्याने काढलं, त्यात आईचं काय गेलं? मी चिडले होते, तरी त्याला शीतगृहाची गोष्ट सांगितली. खोली एकच आहे रे, फक्त चाव्या तीन आहेत. तू तुझ्या चावीने माल बाहेर काढलास, तर आईने तिच्या चावीने उघडल्यावर तिला काय दिसणार? त्याचा हात थांबला. आईचाही गेला हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

काढून टाकलेली गोष्ट लगेच नष्ट होत नाही. काही आठवडे ती कचऱ्याच्या डब्यात पडून असते. मी त्याच्याच फोनवर तो डबा उघडला. साफसफाई केलीय म्हणतो, तेव्हा आत ढीग असेल असं मी धरून चालले होते. आत एकच गोष्ट होती. बाबांचा व्हिडिओ.

मी त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा होडी खरवडायला लागला.

"फोन जुनं आपोआप वर काढून दाखवतो, ताय. होडीवर जायला निगालो का समोर बापूस. मला नाय बगवत."

बाबांचे विधी उरकले तसा हा जाळं घेऊन समुद्रावर निघून गेला होता. त्याला कसलं दुःखच नाही, असं मी नवऱ्याजवळ बोललेही होते. आता माझा सगळा राग गळून गेला.

मी ओट्यावर आईजवळ जाऊन बसले आणि तिच्यासाठी वेगळं खातं उघडलं. व्हिडिओ डब्यातून काढून तिच्या खात्यात ठेवला, तो तिथे नीट उतरलाय हे बघितलं, आणि मगच जुन्या खात्यातून पुसला. तिघांचं एकत्र का ठेवायचं नाही, हे तिला सांगणं भाग होतं, म्हणून भावाला तो बघवत नाही हेही सांगितलं. हे करताना भीती वाटत होती, की तिला तो निष्ठुर वाटेल.

मग तिने व्हिडिओ लावला. जाळं दिसलं, बाबांचे हात दिसले. ओट्यावरून होडी दिसत होती आणि भावाच्या खरवडण्याचा आवाज येत होता. बाबा बोलायच्या आत तिने आवाज अगदी बारीक केला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"त्याला आयकवेल तवा तो मागून घेल," ती म्हणाली.