चार बोटं आखूड

निर्मळ गावची एक फुलवाली बाजारात माझ्या रोजच्या वाटेवर बसायची. गिऱ्हाईक कोणीही असो, अरे-तुरेच करायची. लग्नाचे हार ती जोडीनेच द्यायची आणि त्यातला नवरीचा चार बोटं आखूड ठेवायची. बोटं अर्थात तिचीच.

दोन पुरुषांनाही लग्न करता यावं, या मागणीसाठी आम्ही सहा जण तहसील कचेरीसमोर फलक घेऊन उभे राहणार होतो. तिच्याकडून हार घेताना मी म्हणालो, "मित्राचं लग्न आहे."

त्या दिवशी मी आणि माझा जोडीदार ते हार घालून उभे होतो. लोक हसत होते. हवालदार सारखा "आवरा, आवरा" करत होता. तेवढ्यात टोपली घेऊन तीच समोर आली. आता शिव्या घालणार, असं मला वाटलं.

"यात नवरी कोन?"

"कोणीच नाही, मावशी."

"मग मला खोटं का सांगितलंस? आखूड हार घालून उभा केलास ना त्याला!"

तिने त्याच्या गळ्यातला हार काढला, आमच्या पायाशी बसकण मारली आणि त्यात झेंडू ओवायला घेतले. हवालदार पुन्हा ओरडला.

"थांब रे," मान वर न करता ती म्हणाली, "चार बोटं राहिलीत."