अक्कांची घासाघीस

“कॅन्सर? डॉक्टर, स्वल्प कमी करून सांगा की.”

पडद्याअलीकडे मी अक्कांची पिशवी धरून बसले होते. आत डॉक्टर हसल्याचं ऐकू आलं. स्वादुपिंडाशी गाठ, दबलेली पित्तनलिका, हळदीसारखे पिवळे डोळे; आणि या बाई भाव करत होत्या.

अक्का बनशंकरीतल्या माझ्या कानडी घरमालकीण. त्यांचं घराणं कैक पिढ्या इथलंच. फुलवाली असो की रिक्षावाला, घासाघीस केल्याशिवाय त्यांनी कधी पैसे काढले नाहीत. मी मात्र सांगतील तेवढे देऊन मोकळी व्हायची. “पुट्टी, अगं पोरी, तुझ्या त्या इंग्रजी शाळेनं जीभ ठेवून घेतली का गं?” असं त्या चारचौघांत विचारायच्या. मी हसून जिना चढायची.

डॉक्टर म्हणाले, “दिसतंय कॅन्सरसारखंच. पण ऑपरेशनआधी तुकडा तपासू.” तोंडावाटे दुर्बीण घालून त्यांनी गाठीत सुई टोचली, कण काढला. पित्तनलिकेत बारीक नळी बसवली, तशी कावीळ उतरू लागली. रिपोर्ट आला: टीबी. छाती स्वच्छ, खोकला नाही, आणि टीबी पोटात! ऑपरेशन टळलं. सहा महिने गोळ्या.

“बघ, उतरवला की नाही?” अक्कांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. त्यांच्या जाऊबाई कानात पुटपुटल्या, “लोकांना पित्ताचा खडा म्हणून सांगा.”

“का म्हणून? कॅन्सरवरून घासून घासून टीबीवर आणलाय. लपवू कशाला?”

चार महिन्यांत अंगावर मांस चढलं, डोळे पांढरे झाले, आणि एका सकाळी गोळ्यांचं पाकीट न फोडलेलं दिसलं. आदल्या दिवशीचंही तसंच.

“बरी झाले की मी,” अक्का म्हणाल्या. “सहा महिने सांगितले म्हणजे चारात भागतं. सुरुवातीला सगळेच जास्त सांगतात.”

गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, मग याच गोळ्यांना दाद देत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना बजावलं होतं. मी लोट्यात पाणी ओतून त्यांच्यापुढे ठेवलं.

“साडेचार?” अक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “सरी, बरं, पाच. शेवटचं बोलते.”

त्यानंतर अक्कांनी एकही गोळी चुकवली नाही. त्या सकाळी मी एवढंच म्हटलं होतं, “सहा म्हणजे सहा, अक्का. परवडत नसेल तर दुसरं दुकान बघा.”