डाव्या खणाची तारीख

१२ ऑक्टोबर, गुरुवार. नळाला पाणी बारीक. धाकटे भाऊजी अकराला आले, काखेत फळी आणि कागद. चहा बिनसाखरेचा.

भाऊजी म्हणजे माझे दीर. चाळीस वर्षं ते जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडे चित्रं काढायचे. खुर्ची, कपाट, पलंग, दुकानात येईल ते पेन्सिलीने कागदावर उतरवायचं, त्याची पुस्तकं छापली जायची. मालकाचा नियम एकच: तडा, वाळवी, जळका डाग दाखवायचा नाही. एक पाय मोडका असेल तर दुसऱ्यावरून काढायचा. लोक ती पुस्तकं चाळत आणि म्हणत, "काय निवांत दिवस होते!" भाऊजी स्वतः एका खोलीत राहतात. लग्न केलं नाही. पत्र्याची घडीची खुर्ची आहे, तीही एकच.

आज ते मामंजींचं लिहायचं टेबल काढायला आले होते, स्वतःच्या भिंतीसाठी. जेवायच्या वेळेपर्यंत चित्र झालं. त्यात डावा खण अगदी सरळ, पितळी कडी जागच्या जागी. आमच्या खणाला कडी नाही, आणि कुलपापाशी लाकूड चार बोटं फाटलेलं आहे.

"भाऊजी, चष्मा विसरलात की काय?"

"अहो वहिनी, हाताला वळण लागलं ते लागलं. आणि तडे कशाला हवेत? आरशात दिसतात तेवढे पुरेत." मग खणावर बोट ठेवून म्हणाले, "यातूनच बाबांनी माझा चित्रशाळेचा फॉर्म काढून दिला. किल्ली हातात ठेवली नि म्हणाले, जा. चित्राखाली ती तारीख घालायची आहे. बघा ना वहीत. तुमच्या वहीतून शेजारचं मांजरसुद्धा सुटत नाही."

वही होती, लग्नानंतरची पहिलीच. घडलं तेवढंच लिहायचं, ही शाळेतल्या सिस्टरनी लावलेली सवय. कपाटापाशी उभ्यानेच वाचलं. 'मामंजींनी फॉर्म खणात कोंडून ठेवला होता. भाऊजींनी पेचकसाने खण फोडला. मुदत कालच संपली होती. मामंजी म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. भाऊजी न जेवता गेले.'

"सापडलं का?"

पेन्सिल हातात धरून ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी घरात असलेल्यांपैकी आता आम्ही दोघंच उरलो आहोत.

"सात जून," मी म्हटलं. "शनिवार."

"आणि बाबा काय म्हणाले, तेही लिहिलं असेल?"

मी वही मिटली. "अहो, मी तेव्हा नवी नवरी. स्वयंपाकघरात होते. मला काय ऐकू येणार?"

"तेही खरंच," म्हणून ते हसले. सुरेख अक्षरात तारीख घातली, कागदावर फुंकर मारली आणि कठडा धरत एकेक पायरी उतरून गेले. दुसरा कप मी उगाचच दोनदा विसळला.

संध्याकाळची नोंद: डावा खण पुन्हा अडकला. कडांना मेण लावले.