दौलतआबांची पकड

आज नातवाच्या दुखऱ्या खांद्याला मोहरीचं तेल चोळताना तो वास नाकात गेला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली आमच्या गावची, ब्राह्मणपुरीची तालीम आठवली.

जुने पहिलवान आजच्यांशी भिडले असते तर कोण जिंकलं असतं, हा तिथला रोजचा वाद. जुन्यांत दौलतआबांचं नाव निघे, नव्यांत माझ्या थोरल्या भावाचं, दगडूचं. एका दुपारी मी हसत विचारलं, "आबा, तुम्ही जवान ऱ्हातात तर मन्हा भाऊले पाडतात का?"

साठीतले आबा उठले. सदरा काढून, अंगाला तेल लावून ते लाल मातीत उतरले. दगडू त्यांच्या पाया पडला. लोक हसत होते. बघता बघता आबांचा हात दगडूच्या गळ्याभोवती आवळला. दगडू हार मानून मातीवर हात आपटू लागला, तरी आबा सोडेनात. ते पुटपुटत होते, "भिवसन, आज तुले सोडाव नही." तरुणपणी त्यांना चीत करणारा भिवसन मरून वीस वर्षं झाली होती.

"आबा, सोडा! हाऊ दगडू शे!" ओरडत मी त्यांची बोटं एकेक करून उकलली.

दगडू वाचला, पण त्याचा आवाज कायमचा घोगरा झाला. आबा पुन्हा तालमीत आले नाहीत. मी गमतीने विचारलं खरं, पण भिवसनशी हरलेली ती कुस्ती आबा इतकी वर्षं मनात एकटेच खेळत होते, हे मला फार उशिरा कळलं.