बसून पाहिलंय का कुणी?

निखिलचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला, नौपाड्यात घराखालच्या गिरणीत दळण घ्यायला उभी होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. निखिल म्हणजे वैजूचा मुलगा आणि वैजू म्हणजे वैजयंती, माझी पाचवीपासूनची मैत्रीण. दोघी इथे एकाच चाळीत वाढलो. लग्नानंतर ती डोंबिवलीला गेली, मी नौपाड्यातच राहिले. फोन ठेवल्यावर खरं तर रडू यायला हवं होतं, पण मला आला तो राग. त्याला आता पाच आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही आणि उतरू द्यायचा माझा विचारही नाही. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना गहिवरून यावं अशी वाचकांची अपेक्षा असते, याची मला कल्पना आहे. इथे गहिवर जरा कमी मिळेल.

वैजूची नोकरी शाळा तपासायची. मुरबाडच्या आतल्या बाजूची खेडी, सकाळी सातला जीप, तीन-चार शाळा करून घरी यायला संध्याकाळ. जवळजवळ तीस वर्षं. या तीस वर्षांत तिने एक नियम पाळला. दौऱ्याच्या दिवशी सकाळी अर्धा कप चहा, आणि मग घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. का, ते बायकांना सांगावं लागणार नाही, पुरुषांसाठी सांगते. वाटेत बाईने जायचं कुठे? शाळेत संडास असलाच तर त्याला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले. जीपमधले पुरुष हवी तिथे गाडी थांबवून झाडाआड जाऊन यायचे आणि वर कौतुकाने म्हणायचे, मॅडमना काही लागत नाही, मॅडम एकदम कणखर. कसला कणखरपणा! मे महिन्याच्या उन्हात स्वतःचा घसा कोरडा ठेवून ही बाई शाळेच्या भिंतीवर 'भरपूर पाणी प्या' हा तक्ता लावलाय की नाही, ते तपासत फिरायची. मी चिडले की म्हणायची, "सवय झालीय गं, मंदा." या वाक्याचा मला तेव्हाही संताप यायचा.

निवृत्त झाल्यावर तिच्या डोक्यात कॅरव्हॅन शिरली. मोबाइलवर कुठेतरी तिने ते चाकांवरचं घर पाहिलं. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि एका कोपऱ्यात दार लावून घेता येईल असा संडास. पलंग-ओट्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला डोंबिवलीहून देवरुखजवळच्या तिच्या गावी जायचं होतं, आम्ही दोघींनी, दिवसाउजेडी, रमतगमत, वाटेत मिळेल ते शहाळं आणि उसाचा रस पीत. रेल्वेने जाऊ या म्हटलं, तर म्हणाली, रस्त्याचं आणि माझं काहीतरी राहून गेलंय… ते मला एकदा करायचंय. गाडी भाड्याने घ्यायची, पण आधी नीट बघून घ्यायची, असं ठरलं.

गेल्या हिवाळ्यात घोडबंदर रोडला एका मैदानावर कॅरव्हॅनवाल्यांचा मेळावा भरला होता, तिथे गेलो. वीसेक गाड्या ओळीने उभ्या, मालक बाहेर खुर्च्या टाकून बसलेले. माणसं हौशी आणि अगत्याची होती, हे मान्य करायला हवं. बोलावून बोलावून आत नेत होती. सोलरवर पंखा किती तास चालतो, बाजूचा मांडव कसा उघडतो, टीव्ही पलंगावरून कसा दिसतो… सगळं ऐकून घेतल्यावर वैजू एकच विचारायची, संडास दाखवता का? आवाज जराही न चोरता. पहिल्या गाडीच्या संडासात घडीच्या खुर्च्या कोंबल्या होत्या. दुसऱ्या गाडीत कोळशाच्या पिशव्या आणि शेगडी, तिसऱ्या गाडीत सायकल. "तो आम्ही यूज नाही करत, मॅडम," तिसरे गृहस्थ म्हणाले. "साफ कोण करणार? रस्त्यात होतं ना कुठेतरी." होतं म्हणे! कुणाचं होतं? त्यांची बायको आत ओट्याशी चहा गाळत होती. वैजूने तिला विचारलं, तुम्ही काय करता हो? ती नवऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, हॉटेल येईपर्यंत थांबते.

मेळाव्यातच कळलं की जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर कल्याणच्या पुढे एका कारखान्यात बनतात आणि रविवारी तो बघता येईल. पुढच्या रविवारी आम्ही तिथे हजर. पंधराएक पुरुष आणि आम्ही दोघी. कारखाना दाखवणारा मॅनेजर तिशीतला, हुशार मुलगा होता. लोखंडी सांगाडा कसा जोडतात, भिंतींत थर्माकोल कसा भरतात, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून सांधे कसे बुजवतात, हे त्याने इतकं छान समजावलं की मीसुद्धा रमले. शेडच्या टोकाला एक पूर्ण झालेला ट्रेलर होता. वैजूने चपला काढल्या, आत गेली, संडासाचं दार उघडलं, आत शिरून दार ओढून घेतलं आणि बसली. बाहेर मॅनेजरचं बोलणं थांबलं. सगळे त्या दाराकडे बघत उभे. आतून आवाज आला, "मंदा, दार गुडघ्यांवर आपटतंय. कडी लागतच नाहीये." मग ती बाहेर आली, साडी नीट केली आणि शाळा तपासताना विचारायची त्याच सुरात तिने विचारलं, "हे बनवलंत, त्यात बसून पाहिलंय का कुणी?"

कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर कानापर्यंत लाल झाला, पण खोटं बोलला नाही. "खरं सांगू का मॅडम, पुढच्या मॉडेलला आम्ही टॉयलेट काढूनच टाकतोय. कस्टमरला स्पेस पाहिजे असते. तिथे मोठा फ्रिज येतोय."

"म्हणजे प्यायला थंड पाणी भरपूर," वैजू म्हणाली आणि चपला घालून चालू लागली. मंडळी दिलखुलास हसली, त्यांना तो विनोद वाटला.

उन्हाळ्यात तिला ताप आला. लघवीचं इन्फेक्शन तिला वर्षानुवर्षं व्हायचं, गोळ्या घेऊन ती उठायची. या वेळी ते किडनीत गेलं, मग रक्तात. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी पिता का? तर म्हणाली, आता पिते. दाखल्यावर मृत्यूचं कारण इंग्रजीत दोन ओळींत लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण ते मला अपुरं वाटतं. त्यात कुलपं नाहीत, किल्ल्या नाहीत, कणखर म्हणणारे ते सहप्रवासी नाहीत.

तेराव्याला मी सकाळपासून डोंबिवलीला होते. दुपारी मुरबाडकडून एका जीपने सहा शिक्षिका आल्या, वैजूच्या हाताखालच्या शाळांमधल्या. आल्या आल्या पहिलीने निखिलच्या बायकोला हळूच काहीतरी विचारलं आणि आत गेली. मग दुसरी. पॅसेजमध्ये रांग लागली. सगळ्या आटपून सतरंजीवर बसल्या, तेव्हा कुठे बोलायला लागल्या. मॅडमनी एका शाळेत संडासाचं कुलूप स्वतः उभं राहून फोडायला लावलं होतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. वैजूने मला कधीच सांगितलं नव्हतं… सांगण्यासारखं तिला वाटलं नसावं. नवीन साहेब आल्यावर तिथे परत कुलूप लागलं, हेही त्यांनीच सांगितलं.

सुनेने पाणी आणलं. पहिलीने हातानेच नको म्हटलं, दुसरीनेही. सगळ्यांत लहान जी होती, पंचविशीतली, तिने ग्लास उचलला. शेजारची थोरली खालच्या आवाजात म्हणाली, "अगं, दोन तास परत जायचंय." तिने ग्लास जसाच्या तसा ट्रेमध्ये ठेवला.

माझा तोल गेला. मी म्हणाले, प्या तुम्ही सगळ्या. मी येते जीपमध्ये. वाटेतला एकेक पेट्रोल पंप, एकेक हॉटेल, जिथे कुलूप असेल तिथे मी उतरते आणि किल्ली मिळेपर्यंत भांडते.

"अगदी मॅडमसारख्या बोलता तुम्ही," थोरली म्हणाली, आणि सगळ्या मायेने हसल्या. ग्लास मात्र कुणीच उचलला नाही.